उलटं पाणी

पांढुर्ण्याची जाम नदी बाहेरच्यांना पोळ्याच्या करीच्या गोटमारीमुळे ठाऊक. सौंसरकडची कन्हान तेवढीही नाही. उन्हाळ्यात उथळ होणाऱ्या अशा पात्रांत हलकी होडीच बरी.

अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. ते तांबडं गंजत नाही, म्हणून जुनी होडी घेणारा निर्धास्त असतो. फसतो तो बोल्टपाशी! पोलादी बोल्ट सतत ओला राहिला की शेजारचं अॅल्युमिनियमच झिजतं, पांढरी भुकटी होऊन.

गळती शोधायची रीत मात्र गमतीची. होडी ठोकळ्यांवर चढवून आतच पाणी ओतायचं (थोडंच, भाराने पत्रा वाकतो) आणि खाली वाकून थेंब कुठे लोंबतो ते पाहायचं. ज्याला आयुष्यभर बाहेर ठेवायचं, त्यालाच आत बोलवायचं. करणाऱ्याला क्षणभर अवघडल्यासारखं होत असावं. मग खडूची खूण, सैल रिव्हेटवर हातोडी. वेल्डिंग शेवटचा उपाय: ६६० अंशांना वितळणाऱ्या पातळ पत्र्याला भोक पडायला वेळ लागत नाही.