दाब आणि स्पर्श

जॅको पास्टोरियसचं ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ऐकताना एकच माणूस बेस गिटार वाजवतोय यावर सहज विश्वास बसत नाही. १९७६ साली त्याच्या पहिल्या अल्बमात आलेली ही रचना अडीच मिनिटांचीही नाही. चाल संथ, साथीला कुणीही नाही. तरीही भरधाव वाजवायच्या कितीतरी रचनांपेक्षा मला ती अवघड वाटते, आणि जास्त प्रियही.

ती बहुतांशी हार्मोनिक्सवर उभी आहे. तार दाबायची नाही. नेमक्या जागी बोट टेकवायचं, छेडायचं आणि लगेच उचलायचं. सुट्या तारेला सा मानला, तर बाराव्या पडद्याच्या जागी वरचा सा मिळतो, सातव्याच्या जागी त्याच्याही वरचा पंचम, पाचव्याच्या जागी आणखी वरचा सा आणि चौथ्याच्या किंचित अलीकडे गंधार. नीट मिळवलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार तो हाच. तार पाच समान भागांत कंप पावू लागली की तो जन्मतो. पियानोच्या गंधारापेक्षा तो जरासा उतरलेला असतो.

हे स्वर मुळात क्षीण असतात. उजवा हात ब्रिजजवळ नेला की ते उजळतात, कारण तिथे छेडलेल्या तारेत वरच्या स्वरांचा अंश अधिक असतो. खरी कसोटी डाव्या हाताची. खालचा एक स्वर घट्ट दाबून धरायचा आणि त्याच वेळी शेजारच्या तारांवर हार्मोनिक्स गुंजत ठेवायचे. एका बोटात जोर, दुसऱ्यात पिसाचा हलकेपणा! एके ठिकाणी तर तर्जनीने तार दाबून त्याच तारेवर करंगळी लांब ताणून टेकवावी लागते. बोट उचलताना शेजारच्या तारेला निसटता स्पर्श झाला, तरी तिच्यावरचा स्वर मरतो आणि कॉर्ड कोसळतो.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी ही रचना शेवटी न देता लवकर देतो. वेग मेट्रोनोम लावून मोजता येतो; दाब मोजायला फक्त कान असतो. वाजवलेला स्वर टिकू देणं हेही वादनच आहे, हे इथे बोटांना कळतं. एकदा कळलं की साधी साथ करतानाही हात बदलतो: स्वर गोल होतात, श्वास लांबतो आणि गाणाऱ्याला खाली भक्कम जमीन मिळते.