पडणारा खटका

नरकासुराचा वध पहाटे झाला म्हणतात. आमच्या घरी २०२४ सालच्या नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता वध झाला तो विजेचा. पाटाभोवती रांगोळी होती, उटण्याचा वास दरवळत होता आणि सहा वर्षांचा नातू तेलाने माखून न्हाणीघराच्या दाराशी कुडकुडत उभा होता. मी मोठ्या ऐटीत गिझरचे बटण दाबले. खट्! घरभर अंधार.

"अहो, काय केलंत?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला. काही बिघडले की आमच्या घरी प्रथम आरोपी ठरतो, मग दोष शोधला जातो.

मुख्य पेटीतला एक खटका पडला होता. वर केला, दिवे आले. गिझर लावला, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा मी तो अंगठ्याने दाबूनच धरला. तरी वीज गेलीच. मला लहानपणचा तांब्याचा बंब आठवला. त्याचा धूर डोळ्यांत जाई, पण असले रुसवेफुगवे त्याला ठाऊक नव्हते.

तेवढ्यात शेजारी टॉर्च घेऊन आले. "खटकाच नाजूक झालाय. वायरमनला म्हणावं, तो वगळून डायरेक्ट जोड." सल्ला मला तात्काळ पटला. सोयीचे सल्ले पटायला वेळ लागत नाही.

वायरमन आला तो डोक्याला तेल थापलेलाच. त्याचेही अभ्यंग अर्धेच राहिले होते. मी म्हटले, "आजच्या दिवस डायरेक्ट करून दे रे. पोर गारठलंय."

त्याने नातवाकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, तो पडतोय म्हणूनच बरं आहे."

त्याने गिझरची पिन काढली आणि खटका वर केला. राहिला. घरातले बाकी सगळे एकेक करून लावले. तरी राहिला. म्हणजे दोष गिझरातच. मग झाकण उघडून त्याने मेगरची एक तार एलिमेंटच्या टोकाला आणि दुसरी टाकीला लावली. तिथे काही मेगओहम दिसायला हवे होते. आकडा शून्याजवळ बसला होता. आतली वीज टाकीत झिरपत होती.

मग त्याने मला शिकवले. पेटीतले छोटे खटके, म्हणजे एमसीबी, तारा जळू नयेत म्हणून असतात. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपियर ओढतो. त्यात थोडी वीज भलतीकडे झिरपली तर त्यांना पत्ताही लागत नाही. हा मोठा खटका, आरसीसीबी, निराळा. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा तो हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपियरची तूट आली की पडतो, आणि हाताने दाबून धरला तरी पडतो. "एमसीबी तारेसाठी, हा माणसासाठी," तो म्हणाला.

म्हणजे मी पहाटेपासून ज्याला शिव्या देत होतो, तो माझ्या नातवाची राखण करीत होता. आणि मी त्याला वगळून त्या ओल्या पोराला नळाखाली बसवायला निघालो होतो. मी काही बोललो नाही. गॅसवर पातेले चढले. नातवाचे स्नान झाले, कारीट फुटले. वायरमन फराळाची पुडी घेऊन आपल्या राहिलेल्या अंघोळीला गेला.

भाऊबीज झाल्यावर त्याने नवे एलिमेंट बसवले. जुने माझ्या हातात दिले. आमच्याकडे निम्मे पाणी बोअरचे. त्याच्या क्षारांचा पांढरा थर त्यावर बोटभर चढला होता. थराखाली तापून तापून नळीला केसाएवढी चीर गेली होती. एवढीशी चीर!

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्या खटक्यावरचे परीक्षेचे बटण दाबतो. खट्! घर अंधारते, टीव्ही बंद पडतो आणि आतून आवाज येतो, "अहो, काय केलंत?"

मी अंधारातूनच सांगतो, "काही नाही. जागा आहे तो."