आपोआप कटणारा फोन

फ्रँकफुर्टला लागून असलेलं आमचं एश्बॉर्न तसं लहानसंच गाव. पण व्यवसाय कर कमी, त्यामुळे ऑफिसं पैशाला पासरी. २०१० साली डॉइचे बोर्झनंही आपलं बस्तान इथं हलवलं. तर अशा गावात दिवसभर लोकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या अस्मादिकांना साताऱ्यातला एक लॅपटॉप महिनाभर आवरला नाही!

दर रविवारी आमच्या दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडच्या सातला, आईबाबांशी व्हिडिओवर गप्पा. पाच मिनिटांत फोन कट. मी नेटच्या नावानं बोटं मोडत बसलो. मग एकदा ताई म्हणाली, "आईला वाटतं तूच ठेवतोस. म्हणते, कामं असतील त्याला, जाऊ दे."

त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना खोदून विचारलं. "अरे, हात न लावता खिडक्या उघडतात, बंद होतात." चोर सापडला. लॅपटॉपचा टचस्क्रीन बिघडला होता आणि न लागलेल्या बोटाचे स्पर्श विंडोजला कळवत होता. त्यातलाच एखादा लाल बटणावर पडायचा.

"विंडोजची कळ आणि एक्स, मग एम दाबा." डिव्हाइस मॅनेजर उघडला. माझा विंडोज जर्मन, तिकडचा इंग्रजी. मी 'डेअक्टिव्हीरन' वाचून मनात उलथा करून सांगत होतो. 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस'मध्ये टचस्क्रीनची ओळ. "तीच हं बाबा, शेजारची नको!" चुकून माउस बंद पडला असता तर पुढचं सगळं कीबोर्डवरून.

बाबांनी 'अनइन्स्टॉल' केलं. पीडा मुळापासून काढू म्हणे. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर विंडोजनं यंत्र नव्यानं शोधून परत बसवलं. अनइन्स्टॉलनं नोंद पुसली जाते, यंत्र जागेवरच असतं. 'डिसेबल' केलं की नोंद राहते, पण यंत्र बंद ठेवायचं हेही लक्षात राहतं. दुसऱ्यांदा तेच केलं. ओळीवर खाली तोंड केलेला छोटा बाण आला.

"म्हणजे दुरुस्त नाही झाला?"

"नाही. त्याचं ऐकू नको, एवढंच सांगितलं."

"हॉर्न आपोआप वाजायला लागला की आम्ही फ्यूज काढायचो, तसं." बाबांची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली.

त्या रविवारी पाऊण तास बोललो. मधेच आईनं पडद्यावरच्या नातीच्या गालाला बोट लावलं आणि दचकून मागे घेतलं.

"लाव गं," बाबा म्हणाले, "आता काही होत नाही."