लहान खोलीतला ओटा

“जागाच नाही हो, कसले स्वयंपाकघर अन् कसले काय!” असे आपल्या घरोघरी बायका म्हणतात. मीही म्हणत असे. दहा बाय बाराची चाळीतली खोली. तिच्यात सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी पाच माणसे. त्यातच मोरी, त्यातच पाण्याचे पिंप, त्यातच मुलांची दप्तरे आणि रात्रीची अंथरुणे. अशा खोलीत स्वयंपाकाची आखणी करायची म्हणजे श्रीमंतांची थेरं, असे मला वाटायचे. माझा हा समज २००३ साली मोडला, आणि तो फार वाईट रीतीने मोडला.

तेव्हा आमच्या खोलीत ओटा नव्हता. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा सगळा जन्म चुलीपुढे आणि नंतर रॉकेलच्या स्टोव्हपुढे बसून रांधण्यात गेलेला. गॅस आला तरी शेगडी जमिनीवरच, एका पाटावर ठेवली. जागा दाराजवळ, डाव्या भिंतीला. स्टोव्हचा धूर गॅलरीत जावा म्हणून ती जागा ठरलेली होती. धूर गेला, जागा तीच राहिली. मोरी मात्र मागच्या उजव्या कोपऱ्यात. म्हणजे तांदूळ धुवायचे तिकडे, शिजवायचे इकडे आणि भात वेळायला पुन्हा तिकडे.

एका रविवारी दुपारी मी भाताचे पातेले फडक्यात धरून मोरीकडे निघाले. त्याच वेळी गॅलरीत खेळणारी माझी चार वर्षांची मुलगी पाणी प्यायला आत धावली. ती माझ्या पायात आली, पातेले कलले आणि उकळती पेज तिच्या उजव्या हातावर आणि खांद्यावर सांडली.

त्यानंतरचे सगळे सांगत नाही. शेजारणी धावल्या. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद आणली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी ती टूथपेस्ट हळूहळू काढली, तेव्हा पोर ओरडत होती आणि मी भिंतीला धरून उभी होते. त्या म्हणाल्या, “बाई, भाजलेल्या जागेवर आधी वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी धरायचे. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. अंगातले घट्ट कपडे, बांगड्या सूज यायच्या आधी काढायच्या आणि दवाखाना गाठायचा.” भगिनींनो, एवढे वाक्य तरी प्रत्येकीने पाठ करून ठेवावे. मला ते उशिरा कळले.

अकरा दिवस आम्ही तिथे होतो. घरी आल्यावर जो तो दोष वाटू लागला. कुणी म्हणाले पोरगी वांड आहे. कुणी म्हणाले आईचे लक्ष नव्हते. आत्या म्हणाल्या, “माझ्याच हट्टापायी शेगडी खाली राहिली.” मी रात्री जागी राहून खोलीकडे बघत बसे. हळूहळू माझ्या ध्यानात आले, की दोष पोरीचा नव्हता, आत्यांचा नव्हता आणि सगळा माझाही नव्हता. शेगडी आणि मोरी यांच्यामध्ये साऱ्या घराची वाट होती. दिवसाकाठी प्रत्येक गरम भांडे ती वाट ओलांडत होते. कधी ना कधी कुणी तरी भाजणारच होते.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने रेघा मारायला लागले. किती वेळा उठले, किती वेळा वाकले, किती वेळा खोली ओलांडली. नुसत्या एका चहाला मी सात वेळा वाकत होते. साखर एकीकडे, गाळणी दुसरीकडे, कप पोटमाळ्याच्या शिडीखाली. आठवडाभर रेघा मारल्यावर मी मुलांच्या बाबांना तो कागद दाखवला. ते गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करत होते. कागद बघून गप्प बसले. मग म्हणाले, “ओटा बांधू. पतपेढीतून कर्ज काढू.”

मिस्त्री आला. त्याने टेप काढली, भिंतीवर चौतीस इंचांवर रेघ मारली आणि म्हणाला, “सगळीकडे हीच उंची असते, वहिनी.” माझी उंची चार फूट अकरा इंच. चौतीस इंचांच्या ओट्यावर शेगडी ठेवली, शेगडीवर पातेले ठेवले, तर आत काय शिजते ते बघायला मला टाचा उंचवाव्या लागतील. मी त्याला म्हटले, “दोन दिवस थांबा.” तळमजल्यावर विटा पडल्या होत्या, त्या आणल्या. विटांचे दोन ढीग केले, वर फळी टाकली आणि त्यावर उभी राहून पीठ मळले, भाजी चिरली. एक वीट काढली, पुन्हा मळून पाहिले. कोपराच्या सहा-सात इंच खाली हात पडला की खांदे दुखत नाहीत आणि कंबरही वाकत नाही, हे मला त्या दोन दिवसांत कळले. माझ्यासाठी ते माप तीस इंच आले. तुमचे वेगळे येईल. पण ते तुमच्या कोपरावरून यावे, मिस्त्रीच्या सवयीवरून नव्हे.

मग जागा ठरवली. शेगडी दारापासून हलवली. मोरीला लागून उजव्या भिंतीने पाच फूट लांबीचा कडप्पा टाकला. रुंदी दोन फुटांऐवजी वीस इंचच ठेवली, कारण लहान खोलीत ते चार इंच चालायला लागतात. मोरीजवळ धुतलेले ठेवायला आणि चिरायला दीड फूट जागा. त्यानंतर शेगडी. शेगडीच्या पुढे उतरवलेले भांडे ठेवायला पुन्हा जागा. धुवा, चिरा, शिजवा, उतरवा, अशी कामाची ओळ लागली. भात वेळायचा तर दोन पावले उजवीकडे सरकायचे. मध्ये कुणाची वाट येत नाही. पाण्याचे पिंपही मोरीच्या कडेलाच आणले. दोनशे लिटरच्या भरलेल्या पिंपाचे वजन दोनशे किलो असते, ते काही रोज सरकत नाही, म्हणून त्याची जागा आधी ठरवावी लागते.

गॅसचा सिलिंडर कडप्प्याखाली, मोरीकडच्या बाजूला फरशीच्या कोरड्या तुकड्यावर उभा ठेवला. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. आमची पूर्वी उलटी होती. सिलिंडर आडवा करू नये आणि त्याला दार लावून कोंडू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खाली मोकळे हवे. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा. रबरी नळीवरची तारीख बघून ती वेळेवर बदला. नळीचे पैसे वाचवणे परवडणारे नाही.

शेगडीच्या बरोबर वर फळी घेतली नाही. डबा काढायला हात जाळावरून जातो, पदर पेटतो. फळ्या बाजूला घेतल्या. रोजचे मीठ-मिरची, चहा-साखर, डाळ-तांदूळ कंबर ते खांदा या उंचीत. जड ते खाली, पाहुण्यांची भांडी पोटमाळ्यावर. कुठला डबा कुठे, हे ठरवायला मी आत्यांना बसवले. आयुष्यभर त्यांनी अंधारात चाचपडून मीठ शोधले होते. त्यांच्याइतके ते कुणाला कळणार?

खरा वाद झाला तो शेवटच्या दोन फुटांवरून. दाराकडच्या बाजूला कडप्प्याखालची दोन फूट जागा मला मोकळी हवी होती. आत्यांचे गुडघे गेले होते. जमिनीवर बसले की उठायला दोघे लागत. मात्र उभ्याने स्वयंपाक करणे त्यांना मानवत नव्हते. “उभ्याने काय हाटेलात रांधतात!” असे त्या म्हणत. मी म्हटले, इथे स्टूल ठेवू, पाय आत जातील, आत्या बसून भाजी चिरतील, भाकरी थापतील, मी भाजीन. मिस्त्री म्हणाला, “जागा वाया जाते. कपाट करा.” मुलांचे बाबाही त्याच्याच बाजूचे झाले. एरवी मी गप्प बसले असते. पण पोरीच्या हातावरचे फडके अजून सुटले नव्हते. मी म्हटले, “या घरात रांधते कोण? जी रांधते तिला विचारून ओटा होईल.” दोघेही काही बोलले नाहीत. जागा मोकळी राहिली.

आत्या त्या स्टुलावर शेवटपर्यंत बसल्या. काठवट ओट्यावर आली. त्या थापायच्या, मी तव्यावर टाकायची. पूर्वी माझी पाठ त्यांच्याकडे असे आणि आमच्यात जेमतेम बोलणे होई. आता खांद्याला खांदा लावून बोलणे व्हायचे. मुलांचे बाबाही चहा करायला शिकले. सगळे हाताशी आले, तेव्हा “मला सापडत नाही” ही सबब संपली.

आणि त्या दोन फुटांचा आणखी एक उपयोग झाला, जो मी मनातही आणला नव्हता. अभ्यासाच्या टेबलाची उंचीही साधारण तीस इंचच असते. रात्री साडेनऊला रेग्युलेटर बंद करून ओटा पुसला, की मुलगी वह्या घेऊन त्या स्टुलावर बसायची. डोक्यावर दिवा, दारातून वारा. खाली आम्ही अंथरुणे टाकून झोपायचो. २०१५ साली तिने दहावीचा सगळा अभ्यास त्या कडप्प्यावर केला. पुढे आय.टी.आय.ला जाऊन तिने बांधकामाच्या नकाशांचा, ड्राफ्ट्समनचा, दोन वर्षांचा कोर्स पुरा केला.

तिनेच मला एकदा पुस्तकातला एक नकाशा दाखवला. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली कामगारांच्या घरांसाठी मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या डब्यातले लहानसे स्वयंपाकघर त्यांनी डोळ्यांपुढे ठेवले होते. कोणत्या कामाला किती वेळ आणि किती पावले लागतात, ते मोजून मांडणी केली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. मुलगी म्हणाली, “आई, तुझ्या कॅलेंडरवरच्या रेघा म्हणजे हेच.” मला हसू आले. पण तिने पुढे दुसरी गोष्टही सांगितली. ते स्वयंपाकघर एकट्या बाईपुरते होते. दुसऱ्याला त्यात शिरकाव नव्हता, म्हणून बाई आत एकटीच पडे. आपल्या ओट्यापाशी मात्र आत्याही बसायच्या.

आज ठिकठिकाणी चाळी आणि वस्त्या पाडून इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्या कुटुंबांपैकी पहिल्या काहींना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण जागा वाढली म्हणून वाट आपोआप सरळ होत नाही. मोठ्या घरातही शेगडी दाराच्या तोंडाशी आणि नळ पलीकडे असला, तर तेच पातेले तशीच वाट ओलांडणार. नवे घर ताब्यात आले, की टाइल्सचा रंग निवडण्याआधी चार विटा आणि एक फळी आणा. घरात जी रांधते तिला उभे करा. घरात म्हातारे माणूस असेल, तर त्याला बसवून बघा. मूल कुठून धावत येते, ते बघा. मग मिस्त्रीला बोलवा.

माझ्या मुलीच्या उजव्या हातावर अजून तो डाग आहे. नकाशा काढताना ती बाह्या सरसावते तेव्हा तो दिसतो. स्वयंपाकघराच्या नकाशात ती पहिली रेघ शेगडीपासून मोरीपर्यंत मारते आणि त्या रेघेवरून कुणाची वाट जात नाही ना, ते बघते. मगच पुढचे काम करते.