बांधावरची सफरचंदं

आज पहिली सफरचंदं उतरवली. जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर, आणि सिन्नरकडच्या आमच्या रानात लाल-पिवळ्या पट्ट्यांची फळं! डोंगराळ मुलखातल्या सफरचंदाला हिवाळ्यात साधारण १००० तास ७ अंशांखालची थंडी लागते. ती आपल्याकडे कुठून यायची? हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी उष्ण हवेत फळणारं ‘एचआरएमएन-९९’ हे वाण घडवलं, म्हणून हे जमलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात सण होता.

डिसेंबरात छाटणी करून उरलेली पानं हातानं काढायची, की झाड विसावतं आणि पुढे फुलतं. डाळिंबाची पानगळ करणारे आण्णा हे मन लावून करतात. आईला मात्र हिरवं झाड उघडं केलेलं बघवत नाही.

हे फळ काश्मिरी सफरचंदाइतकं टिकत नाही, रंगही तितका गडद नाही. पण झाडाखालीच उभं राहून खाल्लं की हनुवटीवर रस ओघळतो. पेटीतल्या फळात ही चव मला कधीच सापडली नाही. पहिलं फळ देवापुढे गेलं. पोपटांनी टोचलेल्यांचा चांगला भाग काढून आईनं गुळांबा घातलाय. एक वाटी शेजारच्या काकूंकडे पोचवायची आहे.