टूलचे नाव ठरवताना

टर्मिनलवर चालणाऱ्या टूलला ना चित्र असते, ना बटण. वापरणाऱ्याने नाव आठवायचे आणि स्वतः टाइप करायचे. ते आठवले नाही, तर टूल असून नसल्यासारखे. म्हणून ओपन-सोर्स टूलचे नाव करणाऱ्याच्या हौसेसाठी ठेवू नये, शोधणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवावे.

*

युनिक्सच्या जुन्या आज्ञा इतक्या त्रोटक का? १९७०च्या दशकात युनिक्स जिथे घडले त्या बेल लॅब्जमध्ये टेलिटाइपवर काम चाले. मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापायचे आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागायच्या. कॉपीचे 'सीपी' आणि मूव्हचे 'एमव्ही' त्या काळाला शोभणारे होते. तेव्हा आज्ञा मोजक्या होत्या, वापरणारेही मोजके. आज डेबियन या एकट्या लिनक्स वितरणाच्या भांडारात ५० हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. दोन-तीन अक्षरांत वेगळेपण राखायला आता जागाच उरलेली नाही.

*

'ग्रेप' हे नाव 'ईडी' या संपादकातल्या 'जी/आरई/पी' या आज्ञेवरून आले. सगळ्या ओळींत नमुना शोध आणि सापडेल ती ओळ छाप, असा तिचा अर्थ. ग्रेप लिहिणाऱ्या केन थॉम्प्सन यांच्या सहकाऱ्यांना तो सांगावा लागला नाही. ते रोज ईडीच वापरत. १९७७चे 'ऑक' म्हणजे आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान या तीन कर्त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे. दोन्ही नावे टिकली ती टूलच्या गुणांवर. पहिल्यांदा शिकणाऱ्याला ती आजही पाठच करावी लागतात.

*

फाइली शोधणारे 'एफडी' हे फार चांगले टूल आहे. पण डेबियन किंवा उबुंटूवर ते बसवून 'एफडी' टाइप केले, तर चालत नाही. ते नाव दुसऱ्या पॅकेजने आधीच घेतलेले. म्हणून तिथे 'एफडीफाइंड' लिहावे लागते. फाइलीतला मजकूर दाखवणाऱ्या 'बॅट'चे तसेच 'बॅटकॅट' झाले. शिकवणाऱ्या लेखात एक नाव, संगणकावर दुसरे. नवशिक्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले.

*

'नोड'चा वाद तर डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला. हौशी रेडिओवाल्यांचे 'नोड' आधीपासून भांडारात होते. मागून आलेल्या, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसलाही तीच आज्ञा हवी होती. २०१२मध्ये समितीने नोड.जेएसची आज्ञा 'नोडजेएस' केली. जगभरच्या स्क्रिप्टांमध्ये मात्र 'नोड' लिहिलेले, त्यामुळे त्या डेबियनवर अडू लागल्या. नाव एकदा दुसऱ्यांच्या स्क्रिप्टांत जाऊन बसले की ते बदलणे एकट्या कर्त्याच्या हातात राहत नाही.

*

आमच्या गटाचे एक छोटे टूल आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये आणते. नावे सुचली ती सगळी गोड. 'सेतू' घ्यावे, तर महाराष्ट्रात सेतू म्हणजे दाखले काढायचे केंद्र. शोधणाऱ्याच्या हाती उत्पन्नाचा दाखला येणार. 'रूपांतर' घ्यावे, तर 'आर'नंतर 'यू' एक की 'ओ' दोन? 'पी'नंतर 'ए' एक की दोन? डेबियनच्या पॅकेज-नावात रोमन लहान अक्षरे, आकडे आणि अधिक, उणे, टिंब एवढेच चालते. देवनागरीला तिथे प्रवेश नाही, आणि रोमनमध्ये प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. एखाद्या प्रसिद्ध फाँटचे नाव वापरावे, तर ते दुसऱ्याचे व्यापारचिन्ह. त्याची जागा वर्णनात, नावात नाही.

छापखान्यात डीटीपी करणारा माणूस जे शब्द टाकून शोधतो, तेच घ्यावेत असे माझे ठाम मत आहे: 'मराठी-फाँट-टू-युनिकोड'. शोभा कमी, पण समजावून सांगायची गरज नाही.

*

लांब नाव रोज टाइप करायला जड जाते, हे खरेच. त्यावर मजकूर शोधणाऱ्या 'रिपग्रेप'चा तोडगा चांगला आहे. प्रकल्पाच्या नावातून कूळ कळते आणि आज्ञा फक्त 'आरजी'. टूलच्या माहितीच्या, म्हणजे मॅन पानावरची एका ओळीची ओळखही नीट लिहावी. 'अप्रोपो' ही आज्ञा नावाबरोबर त्याच ओळीत शोध घेते.

नावातूनच अर्थ कळतो, म्हणून लिनक्सवरच्या मराठी कळफलकांची नावे मला आवडतात: 'एमआर-आयट्रान्स', 'एमआर-इनस्क्रिप्ट'. आधी भाषा, मग पद्धत. एक ओळखीचे झाले की दुसरे आपोआप कळते.

*

सारखी दिसणारी नावे धोक्याचीही असतात. २०१७मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात 'क्रॉसएन्व्ह' नावाचे पॅकेज सापडले. खरे पॅकेज 'क्रॉस-एन्व्ह'. एक जोडरेघ विसरणाऱ्याच्या संगणकावरची गुप्त माहिती ते बाहेर पाठवत होते. जोडरेघेवर ज्याचे वेगळेपण अवलंबून आहे, ते नाव घेऊच नये.

*

तुम्ही टूल लिहीत असाल, तर पहिली आवृत्ती बाहेर पडण्याआधी एवढे करा. नाव डेबियन, पायथन पॅकेजांचे भांडार पायपीआय आणि एनपीएमवर शोधा. साध्या शोधयंत्रात टाकून पाहा. मग टूलशी संबंध नसलेल्या कुणाला तरी ते फोनवर एकदाच सांगा आणि टाइप करायला लावा. त्याने विचारून घेतले किंवा चुकीचे लिहिले, तर त्याला दोष न देता नाव बदला. त्या दिवशी ते फुकटात बदलता येते.