करवीरचा आखाडा आणि मनाची तालीम

करवीरक्षेत्रीं येणारा यात्रेकरू बहुधा प्रथम महालक्ष्मीचें दर्शन घेतो, सायंकाळीं रंकाळ्यावर फिरून येतो, आणि परततांना गुळाची ढेप व चपलांचा जोड घेऊन गाडी गांठतो. यांत वावगें कांहीं नाहीं. आम्हींही तें सर्व यथासांग केलें. परंतु या नगरींत आणखी एक देवस्थान आहे असें आमचें मत आहे, आणि तें एका जागीं नसून पेठापेठांतून विखुरलेलें आहे. तें म्हणजे येथील तालमी. गेल्या हिवाळ्यांत आम्ही चार दिवस कोल्हापुरास राहिलों, ते मुख्यत: या तालमींसाठीं.

सेवानिवृत्त शिक्षकानें या वयांत आखाड्याची वाट कां धरावी, असें वाचक विचारतील. शाळेंत मुलें शिकवितांना एक कोडें आम्हांस सतत पडत असे. घरीं धडाधड पाठ म्हणून दाखविणारा मुलगा परीक्षकांसमोर मुका कां होतो, आणि वर्गांत साधारण दिसणारा एखादा ऐन वेळीं कसा उजळून निघतो? महाभारतांत कर्णाची विद्या निर्वाणीच्या प्रसंगीं त्यास आठवेनाशी झाली, आणि तिचें कारण शाप हें होतें. आमच्या विद्यार्थ्यांस तर कोणींच शाप दिला नव्हता! जेथें हारजीत चार घटकांत, सर्वांच्या देखत आणि डोळ्यांसमोर ठरते, तेथें या कोड्याचें उत्तर लवकर सांपडेल अशी आमची अटकळ होती.

गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग हीं येथील तालमींचीं नांवें महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहींत? आम्ही एका तालमींत पहांटे अंधार असतांनाच जाऊन बसलों. बाहेर बोचरी थंडी, आणि आंत मात्र मातीचा, तेलाचा व घामाचा मिळून एक ऊबदार वास भरलेला. मारुतीच्या तसबिरीसमोर दिवा तेवत होता. हौद्यांतील माती तांबडी. तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती वर्षानुवर्षें जोपासलेली असते. दोन तरुण फावड्यानें ती उकरून भुसभुशीत करीत होते. हेंही श्रम मेहनतींतच जमा होतात. मग जोर, बैठका आणि सपाट्या सुरू झाल्या. आंकडे कोणी मोठ्यानें मोजीत नव्हतें. श्वासाचा आवाज तेवढा एका लयींत चालला होता.

आमचें लक्ष वेधलें तें एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे. समोरच्यानें पायाशीं झेप घातली कीं आपला पाय किती चपळाईनें मागें न्यावा, एवढी एकच गोष्ट वस्ताद त्याच्याकडून घोटून घेत होते. प्रथम हलका जोडीदार, मग भारी, मग उंच, मग डावखुरा. आणि शेवटीं, सपाट्या मारून मुलाची छाती भात्यासारखी वरखालीं होऊं लागली तेव्हां, पुन: तीच गोष्ट पहिल्यापासून. वस्ताद ओरडत नव्हते. पाय चुकला कीं ते बोटानें पायाकडे दाखवीत, बस्स. आम्हीं हळूच विचारलें, पोरगा दमला असतां आतां आणखी कशाला? त्यांचें उत्तर थोडक्यांत होतें: ताज्या अंगानें कोणीही करून दाखवितो, दमलेल्या अंगाला जें आपोआप येतें, तेवढेंच मैदानांत कामास पडतें.

हें ऐकतांच आम्हांस वेदपाठशाळेची आठवण झाली. आपले पूर्वज संहिता एकदां पाठ करून थांबले नाहींत. तींच पदें सुटीं, जोडीनें, पुढून मागें, मागून पुढें, अशीं पद, क्रम, जटा आणि घन या पाठांनीं फिरवून म्हणावयाचीं. हेतु हाच कीं, कोठूनही धक्का लागला तरी साखळी तुटूं नये. पतंजलींनींही अभ्यासाला दीर्घ काळ, अखंडपणा आणि आदर अशा तीन अटी घातल्या आहेत. पहिल्या दोन आपण मुलांकडून सक्तीनें करवून घेऊं शकतों; तिसरी त्यांच्या मनांतूनच यावी लागते. आधुनिक मानसशास्त्रही याच वाटेनें गेलें आहे. सन १९९३ मध्यें आंडर्स एरिक्सन व त्याच्या सहकाऱ्यांनीं बर्लिन येथील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे अधिक निपुण ठरले त्यांनीं आपल्या उणिवा हेरून एकांतांत केलेल्या सरावाचे तास अधिक होते, असें त्यांस दिसून आलें. पुढील संशोधकांनीं सराव हेंच सर्वस्व नव्हे, असा आक्षेप घेतला आहे, आणि तो रास्तच आहे. प्रकृति, वय व गुरु यांचाही वांटा असतोच. तथापि नुसतें घाम गाळणें निराळें आणि एका उणिवेवर नजर ठेवून घाम गाळणें निराळें, हें त्या तालमींत आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें.

दुपारीं आम्ही खासबाग मैदान पाहण्यास गेलों. राजर्षि शाहू महाराज सन १९०२ मध्यें विलायतेस गेले असतां त्यांनीं रोममधील प्राचीन रंगमंडल पाहिलें, आणि आपल्या मल्लांसाठीं तसेंच मैदान असावें असें त्यांच्या मनानें घेतलें. तें सन १९१२ मध्यें सिद्ध झालें. मध्यें हौदा, आणि सभोंवार वर वर चढत गेलेली वाटोळी बैठक. त्यामुळें कोठेंही बसलें तरी कुस्ती नजरेआड होत नाहीं. त्या दिवशीं मैदान रिकामें होतें. आम्ही हौद्याजवळ उभे राहून वर पाहिलें मात्र, आणि अंगावर कांटा आला! हजारों माणसांची दृष्टि ज्याच्या एकट्यावर रोखली जाते, त्या गड्याच्या पोटांत काय कालवाकालव होत असेल!

या कालवाकालवीचाही शोध विद्वानांनीं घेतला आहे. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन अभ्यासकाला, सायकलस्वार एकटे असतां जितके वेगानें जातात त्याहून सोबत प्रतिस्पर्धी असतां अधिक वेगानें जातात, असें नोंदींवरून दिसलें. त्यानें मुलांस दोरा गुंडाळण्याचें चाक फिरवावयास देऊन प्रयोग केला आणि सन १८९८ मध्यें तो प्रसिद्ध केला. कांहीं मुलें सोबतीनें वेगवान झालीं, कांहींवर परिणाम झाला नाहीं, आणि कांहीं तर उत्तेजित होऊन उलट मागें पडलीं! असें कां, याचा उलगडा पुढें सन १९६५ मध्यें रॉबर्ट झायन्स यांनीं केला. त्यांचें म्हणणें असें कीं, कोणी पाहत असलें म्हणजे माणसाच्या अंगांत जें सर्वांत अधिक मुरलेलें असतें तेंच उसळून वर येतें. बरोबर कृति मुरलेली असेल तर ती अधिक चांगली होते. चूक मुरलेली असेल तर चूकच जोरानें घडते. तात्पर्य, गर्दी मनुष्यास कांहीं देत नाहीं आणि त्याचें कांहीं नेतही नाहीं. आंत जें आहे तें ती बाहेर काढते. पहांटेच्या त्या मागें सरकणाऱ्या पायाचा अर्थ आम्हांस खासबागेंत उमगला.

मात्र यांत एक खोंच आहे. मुरलेल्या कृतीवर मन पहारा करूं लागलें कीं तीही बिघडते. रोज संध्याकाळीं सहज म्हटलें जाणारें स्तोत्र, पाहुण्यांसमोर 'आतां पुढची ओळ कोणती?' असा विचार मनांत येतांच अडतें, हा अनुभव घरोघरचा आहे. म्हणून ऐन वेळीं मनाला कोठें बसवावें, हेंही शिकवावें लागतें.

तें शिक्षण पहावयाचें तर कोल्हापुरांतच, पण मातीवर नव्हे, नेमबाजीच्या मैदानावर. कुस्तीचें हें गांव गेल्या कांहीं दशकांत नेमबाजांचेंही झालें आहे. येथील तेजस्विनी सावंत यांनीं सन २०१० मध्यें म्युनिक येथें ५० मीटर रायफल प्रकारांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें. राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पिस्तुलाचें सुवर्णपदक आणिलें. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं तर १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक पटकाविलें. त्यांच्या प्रकारांत गुडघा टेकून, पालथें पडून आणि उभें राहून, अशा तीन आसनांत ५० मीटरांवरील लक्ष्य टिपावयाचें असतें. त्या लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें! येथें बळाचा उपयोग स्थिर राहण्यापुरताच. हृदयाचा ठोकासुद्धां वैरी होऊं शकतो. निष्णात नेमबाजाच्या नाडीचे ठोके चाप ओढण्यापूर्वींच्या क्षणीं मंदावतात, असें प्रयोगांत आढळलें आहे. अंतिम फेरींत कुसाळे पहिल्या आसनानंतर सहावे होते, दुसऱ्यानंतर पांचवे. आणि उभ्यानें नेम धरण्याच्या, सर्वांत कठीण अशा तिसऱ्या आसनांत ते तिसऱ्या स्थानावर चढले. आपण गुणफलकाकडे पाहतच नव्हतों, असें त्यांनीं नंतर सांगितलें. श्वास, खांदा, गाल, बोट या ठराविक क्रमाशीं मन बांधून घेतलें म्हणजे त्यास फलकाकडे धांवण्यास सवड उरत नाहीं. आसन आणि श्वास यांच्या आधारें मन स्थिर करण्याची ही युक्ति आपल्या योगशास्त्रास नवी नाहीं. नवी आहे ती फक्त बंदूक.

परतीच्या वाटेवर आम्ही कऱ्हाडास उतरलों. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर स्नान करून जवळच असलेल्या गोळेश्वर या खेड्यांत गेलों. उंसाच्या शेतांमधील हा लहानसा गांव. १५ जानेवारी १९२६ रोजीं येथें खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वत: पहिलवान, पांच मुलांतील हें शेंडेफळ. सन १९४८ मध्यें लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, तेव्हां जन्म मातींत लोळण्यांत गेलेल्या या मल्लास गादीवर कुस्ती खेळावी लागली, तरीही त्यांनीं सहावें स्थान मिळविलें. चार वर्षांनीं वरच्या वजनगटांत हेलसिंकीस जावयाचें ठरलें, पण पैसा कोठून आणावा? कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि गांवकऱ्यांनींही यथाशक्ति भर घातली. तेथें जपानी मल्लाशीं दीर्घ झुंज झाल्यावर त्यांस पुरेशी विश्रांति न मिळतां लगेच सोव्हिएत मल्लापुढें उभें करण्यात आलें. आक्षेप घेण्यास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असें सांगतात. तरीही स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनीं आणिलें. स्वागतास शेंकडों माणसें आणि बैलगाड्यांची रांग लोटली. सन १९८४ मध्यें अपघातांत त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार आला तो सन २००० मध्यें, मरणोत्तर!

त्या गांवीं उभें असतां आमच्या मनांत आलें कीं, मनाची तालीम एकट्याच्या मनानें होत नाहीं. खाशाबांच्या निश्चयाखालीं बापाचा आखाडा होता, प्राचार्यांचें गहाण पडलेलें घर होतें. जेथें पाठीशीं कोणी उभें राहिलें नाहीं, तेथें त्या पोलादी मनालाही हार खावी लागली. मुलाचें धैर्य हें बऱ्याच अंशीं घरच्या धैर्याचें प्रतिबिंब असतें.

आमच्या एकत्र कुटुंबांत एक नात पोहण्याच्या शर्यतींत भाग घेते. शर्यतीच्या आदल्या रात्रीं पंगतींत बसलेला प्रत्येक काका तिला 'पहिली ये हो!' असा आशीर्वाद देतो. काकांचा हेतु निर्मळ. परंतु सकाळीं पाण्यांत उडी टाकतांना त्या पोरीच्या पाठीवर सहा काका बसलेले असतात! पहिलें येणें हें तिच्या हातीं नाहीं; हात कसा मारावा, श्वास केव्हां घ्यावा, हें आहे. गोळेश्वराहून घरीं आल्यापासून आम्हीं तिला एवढेंच विचारावयाचें ठरविलें आहे, 'आज कोणती एक गोष्ट सुधारलीस?' आतां ती स्वत:च सांगावयास येते, आणि वळण घेतांना भिंतीला पाय कसा लावावा, हें आमच्यासारख्या न पोहणाऱ्या म्हाताऱ्यास ओसरीच्या खांबावर करून दाखविते.

असो. वाचकांपैकीं कोणी कोल्हापुरास गेले, तर एक पहांट तालमीसाठीं राखून ठेवावी. आदल्या दिवशीं वस्तादांची परवानगी घ्यावी, वहाणा बाहेर काढाव्या आणि कट्ट्यावर मुकाट्यानें बसावें. घरांतील मुलांसही बरोबर न्यावें. मात्र तेथें त्यांस उपदेश करूं नये. माती उकरणारे तरुण दिसले म्हणजे पुरे.